मुलीच्या रंगावर आणि वजनावर घरात होणारं बोलणं कसं थांबवायचं

ज्यांच्या घरात दहा ते वीस वयाची मुलगी आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, आईसाठी तर आहेच पण बाबा, मामा, आत्या, आजी सगळ्यांसाठीच. लग्नात, बारशाला, गणपतीत नातेवाईक भेटले की मुलीला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते तिच्या अंगाबद्दल. "किती सुटलीस गं", "काय ही वाळलीस, आई जेवायला घालत नाही का", "उन्हात खेळून खेळून पार रापलीस". मुलगी कसनुसं हसते, आत निघून जाते, आणि आपण म्हणतो जाऊ दे, मोठ्यांनी म्हटलं तर काय झालं. मी शाळेत आठवी ते दहावीच्या मुलींना शिकवते, डबा न उघडता घरी नेणाऱ्या मुली बघते, म्हणून सांगते की जाऊ देऊ नका. यावर करण्यासारखं बरंच आहे आणि बहुतेक सगळं भांडण न करता होतं.

आधी बोलणारं माणूस समजून घ्या

सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही, कारण सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. पंच्याहत्तरीची आजी "वाळलीस" म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यासमोर १९७२ चा दुष्काळ असतो, रेशनवरचा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी असते, तिच्या लेखी अंग भरलेलं असणं म्हणजे घरात धान्य आहे आणि सुनेला नीट वागवतात. तिच्या तरुणपणी भरल्या अंगाची, खात्यापित्या घरची मुलगीच देखणी. पन्नाशीची मावशी वेगळ्या जगात वाढली. फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचं क्रीम आपल्याकडे १९७५ मध्ये बाजारात आलं आणि पुढे टीव्हीवर त्याची जाहिरात रोज लागायची, मग १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी जगज्जेत्या झाल्या आणि उंच, सडपातळ, उजळ हे माप घराघरात येऊन बसलं. शिवाय ती मावशी स्वतः चहापोह्यांच्या कार्यक्रमात बसलेली असते, "रंगाने सावळी आहे पण नाकीडोळी नीटस आहे" हे तिने स्वतःबद्दल दाराआडून ऐकलेलं असतं. ती "सुटलीस" म्हणते ती खरं तर भाचीच्या लग्नाच्या काळजीने. आणि मामेबहीण अठरा वर्षांची आहे, तिचं माप फोनमधून येतं, कंबर बारीक, बाकीचं भरदार, त्वचेला एक छिद्र दिसायला नको, आणि भुवयांचा आकार दर दोन वर्षांनी बदलणार.

म्हणजे बघा, एकाच दुपारी एकाच हॉलमध्ये एकाच मुलीला आजी वाळलीस म्हणते, मावशी सुटलीस म्हणते आणि बहीण हातावरचे केस का काढत नाहीस म्हणून विचारते. हे तिघींचं एकाच वेळी पूर्ण करणारी मुलगी असूच शकत नाही. हे तिला घरी आल्यावर मोकळेपणी सांगा, माझ्या अनुभवात मुलींना या एका गोष्टीने सगळ्यात जास्त हायसं वाटतं, कारण तोवर त्यांना वाटत असतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

आता बोलायचं कसं. कार्यक्रमाच्या आधी फोन करा, कार्यक्रमात सगळ्यांसमोर टोकू नका, तिथे टोकलं की विषय मुलीवरून सरकून मानापमानावर जातो. आजीला हक्काने सांगायचं, "आजी, तिला तुमच्या हातचं थालीपीठ खायला घाला, पोटभर घाला, फक्त बारीक-जाड म्हणू नका, ती मग जेवतच नाही." आजीला खायला घालायचं काम मिळालं की ती खूश असते आणि नातीलाही माया हवीच असते. मावशीला किंवा आत्याला, "ताई, तिच्या तब्येतीबद्दल काही वाटलं तर मला बाजूला घेऊन सांगा, मी डॉक्टरांना विचारेन, पण तिच्यासमोर नको, सध्या ती मनाला फार लावून घेते." सासरच्या माणसांशी नवऱ्यानेच बोलावं, सुनेने सांगितलं की ते सुनेचं शहाणपण ठरतं, मुलाने सांगितलं की घराचा नियम होतो. शेजारच्या काकूंना एवढं समजावायची गरज नाही, "हो का, परीक्षा छान गेली बरं तिची" म्हणून विषय बदलला तरी पुरतं. आणि कोणी न ऐकता बोललंच तर त्याच क्षणी, शांतपणे, मुलीला ऐकू जाईल असं म्हणा, "आम्ही घरात वजनावर बोलत नाही." एवढंच वाक्य. समोरचा सुधारेल न सुधारेल, आई आपल्या बाजूने बोलली हे मुलीने ऐकलेलं असतं.

बाबांसाठी वेगळं सांगते. मुलगी वयात आली की बरेच बाबा एकदम गप्प होतात, आणि बोललेच तर "कमी खा" एवढंच बोलतात. तिच्या खेळाबद्दल, गणिताबद्दल, तिने काढलेल्या चित्राबद्दल बोला. आणि बायकोच्या पोटावरून, टीव्हीवरच्या बाईच्या जाडीवरून काही बोलू नका, मुलगी तेही ऐकत असते.

मुलीला काय सांगायचं

"तू सुंदरच आहेस" हे प्रेमाने जरूर म्हणा पण त्याने काम होत नाही, कारण आईला वाटतंच असं तिला ठाऊक असतं. विठ्ठलसुद्धा सावळाच आहे हे तर सांगूच नका, पंधरा वर्षांच्या मुलीला देवाशी तुलना नको असते, वर्गातल्या मुलांनी रंगावरून नाव पाडू नये एवढंच हवं असतं. त्यापेक्षा तिला हे दाखवा की सुंदर कोणाला म्हणायचं हे जागोजागी ठरवलं जातं आणि ते ठरण्यामागे कारणं असतात. मुलींना कारणं समजतात, त्या हुशार असतात. जेवताना, प्रवासात, सहज विषय काढून सांगा, व्याख्यान नको.

सुरुवात उन्हापासून करा, सगळ्यात सोपं. युरोपात शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत गोरी कातडी म्हणजे शेतात राबावं न लागणारी बाई, म्हणजे आपल्यासारखंच. मग माणसं शेतातून कारखान्यात आणि ऑफिसात गेली, उन्हात वेळ घालवणं हे सुट्टी परवडणाऱ्याचं लक्षण झालं, आणि विसाव्या शतकात रापलेली कातडी तिकडे देखणी ठरली. इतकी की मशीनमध्ये झोपून बायका कातडी रापवून घ्यायला लागल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००९ मध्ये त्या मशीनला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या सगळ्यात वरच्या गटात टाकलं, ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने तो धंदाच बंद केला. म्हणजे मँचेस्टरमधली बाई रापण्यासाठी पैसे देते आणि मिरजेतली बाई रापणं घालवण्यासाठी, आणि दोघींच्याही कातडीचं नुकसान होतं. ज्यांच्या लेकी किंवा भाच्या परदेशात वाढतायत त्यांना हे जास्त उपयोगी पडेल कारण त्या मुलींना शाळेत तुझा रंग किती छान म्हणतात आणि उन्हाळ्यात भारतात आल्या की काळवंडलीस म्हणतात. तिकडे मग त्यांना हातावरच्या आणि ओठावरच्या केसांवरून ऐकावं लागतं, ते वेगळंच.

मग फिजीचं सांगा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर पूर्वापार दणकट, भरलेली बाई चांगली समजली जायची, कोणी बारीक झालं की घरचे काळजी घेत नाहीत असा अर्थ निघायचा. नादरोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर या हार्वर्डच्या अभ्यासक बाईंनी तिथल्या शाळकरी मुलींना त्याच वर्षी आणि परत १९९८ मध्ये तेच प्रश्न विचारले. दोन्ही वेळी साठेक मुली, म्हणजे पाहणी छोटी होती, पण खाण्याबद्दल काळजी वाटावी अशा मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या, आणि वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या आधी एकही नव्हती त्या ११.३ टक्के झाल्या होत्या. तीन वर्षांत. मुलींची शरीरं तीन वर्षांत बदलली नव्हती, समोरचा पडदा बदलला होता. आणि आपल्या मुलींच्या हातात तर पडदा चोवीस तास आहे.

एक काळजी मात्र घ्या. हे सांगताना असं वाटायला नको की कुठेतरी बायकांचा स्वर्ग आहे जिथे जाड बाईला सुखाने जगू देतात. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियात जाड बाई सुंदर, तर तिथे लेब्लूह नावाची प्रथा आहे, लहान मुलींना उंटिणीचं दूध आणि कुसकुस बळजबरीने पाजायचं-भरवायचं, नको म्हणाली तर मारायचं किंवा बोटं पिरगाळायची. मोठ्या वयात भूक वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याही आहेत. दक्षिण कोरियात उलट, बारीक अंग, गोरी कातडी, दुहेरी पापणी, आणि शाळेची शेवटची परीक्षा झाली की पापणीचं ऑपरेशन भेट म्हणून देणारे आईबाप आहेत. नोकरीच्या अर्जाला फोटो लावायची तिथे इतकी पद्धत होती की २०१७ मध्ये सरकारी नोकऱ्यांसाठी तो काढून टाकावा लागला, आणि २०१८ मध्ये तिथल्याच मुलींनी मेकअपचं सामान तोडून, केस कापून त्याचे फोटो टाकत निषेध केला. मुलीला हे दोन्ही सांगा. माप कुठलंही असो, त्याची किंमत बाई अंगाने मोजते, आणि ते नको म्हणणाऱ्याही बायकाच असतात.

तब्येत आणि दिसणं वेगळं ठेवा

इथे नातेवाईकांचा नेहमीचा बचाव येतो, "अगं आम्ही तब्येतीसाठीच म्हणतो." तब्येतीची काळजी जरूर करावी, पण ती बघून होत नाही, मोजून होते. आणि यात आपल्या पुण्याचंच काम जगभर माहीत आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला, आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बारक्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त निघाली. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो आला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा, एकच, २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून तर आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ पासून धरतात. याचा घरातला अर्थ असा की "सडपातळ आहे म्हणजे छान आहे" हे आपल्या लोकांत धरून चालता येत नाही, आणि जी अंगाने भरलेली दिसते ती रोज कबड्डी खेळत असेल तर तिचे रिपोर्ट बारकीपेक्षा चांगले असू शकतात.

तर टेप घ्या आणि पहिल्यांदा स्वतःची कंबर मोजा, मुलीची नको. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. मोठ्या बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मोठ्यांच्या बीएमआयचे आकडे अठरा वर्षांखालच्या मुलीला लावू नका, तिचा तक्ता वयाप्रमाणे वेगळा असतो आणि तो बालरोगतज्ज्ञांकडे असतो. तिचं बघायचं ते हिमोग्लोबिन, पाळी नियमित आहे का, झोप, दम लागतो का. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि आपण बोलतो कशावर तर रंगावर.

मानेचं खास सांगायचंय. मुलीची मान मागून काळी, जाडसर, मखमलीसारखी दिसायला लागली की घरोघरी लिंबू, बेसन, दगडाने घासणं चालू होतं आणि अंघोळ नीट करत नाहीस म्हणून बोलणी बसतात. तो बहुतेक वेळा मळ नसतो आणि उन्हाचा डागही नसतो, शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाहीये याची ती खूण असू शकते, पीसीओडी असलेल्या मुलींमध्ये दिसते. घासू नका. डॉक्टरांना दाखवा, ते साखर आणि हार्मोन तपासतील.

बाथरूमचं कपाट उघडा

हे आजच करा. मुलीची, तुमची, सासूबाईंची, सगळ्यांची क्रीमं बाहेर काढा आणि बारीक अक्षरातलं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. मेडिकलवाल्याने "हे लावा, आठवड्यात फरक दिसेल" म्हणून दिलेली ट्यूब बऱ्याचदा हीच असते आणि फरक खरंच दिसतो, म्हणून तर सवय लागते. पुढे कातडी पातळ होते, चेहरा लाल होतो, पुरळ येतं, केस येतात. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली तरी मागितली की मिळतात. कोणी महिनोन्महिने लावत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, बंद केल्यावर चेहरा भडकतो आणि माणूस घाबरून परत लावतो, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सांगण्याने कमी करत न्या.

दुसरं म्हणजे पार्लरमधून किंवा ऑनलाइन आलेली, आत काय आहे ते न लिहिलेली डबी. ती सरळ बाजूला काढा. अशा क्रीममध्ये पारा सापडलाय आणि तो वासाने किंवा रंगाने कळत नाही. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना त्रास झाला आणि तपासात त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला, केरळात मलप्पुरमलाही तसेच पेशंट सापडले. गोरेपणासाठी किडनी. असं क्रीम कोणी लावत असेल आणि पायावर सूज, लघवीला फेस असेल तर डबी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. केशर-दूध पिऊन बाळ गोरं होत नाही, तेही सांगून टाका म्हणजे पुढच्या पिढीला बाळ पोटात असल्यापासून हे सुरू होणार नाही.

बायोडेटा, कपडे, फोन

लग्नाच्या बायोडेटातला "वर्ण" हा रकाना काढून टाका. मुलाच्या बायोडेटातलाही काढा आणि समोरच्याकडून आला तर वाचून दाखवू नका. २०२० मध्ये एका मोठ्या विवाह वेबसाइटने लोकांनी मागणी केल्यावर रंगाचा फिल्टर काढला आणि त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीने नावातून फेअर शब्द काढला, म्हणजे कंपन्या बदलू शकतात तर आपलं एक पान नक्कीच बदलू शकतं. कोणी फोनवर विचारलंच, मुलगी रंगाने कशी आहे, तर "फोटो पाठवलाय, भेटायला या" एवढंच.

कपड्यांचं माझं ठाम मत आहे. नऊवारी लुगडं कुठल्याही अंगाला नेसता येतं, ब्लाऊज टेलर मापाने शिवतो, तिथे कापड अंगाप्रमाणे होतं. रेडिमेड जीन्समध्ये अंगाने कपड्यात बसायचं असतं, आणि ती मापं बहुतेक परदेशी अंगांवरून आलेली, भारतीय मापांचा तक्ता बनवायला निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने सहा शहरांत २५,००० माणसं मोजायचा प्रकल्पच मुळी अलीकडे हाती घेतला. म्हणून मुलीला घेऊन दुकानात गेलात की लेबलवरचं अक्षर बघू नका, कंबर आणि नितंब टेपने मोजून त्या आकड्याप्रमाणे घ्या, नाही बसलं तर "कपडा लहान आहे" म्हणा, "तू मोठी झालीस" नाही. अल्टर करून देणारा एक टेलर धरून ठेवा.

फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्युटी मोड बंद करा, बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो आणि मुलीला आरशातला आपलाच चेहरा फोटोपेक्षा वाईट वाटायला लागतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर करा. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत मॉडेलचं अंग कॉम्प्युटरवर बदललं असेल तर तसं लिहावं लागतं, हे तिला सांगा आणि मग दोघी मिळून इन्स्टा बघा, कुठे काय बदललंय ते ती तुमच्या आधी ओळखेल.

हे दिसलं तर थांबू नका

बोलणं थांबवलं तरी काही मुलींच्या मनात ते खोल गेलेलं असतं. मग त्या खाणं टाळायला लागतात आणि आपल्याकडे ते उपासाआड लपतं, संकष्टी, गुरुवार, शनिवार, नवरात्राचे नऊ दिवस, घरचे कौतुक करतात की किती श्रद्धा, आणि मुलगी साबुदाण्यालाही हात लावत नसते. अचानक उपास वाढले, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते, डबा परत येतो, पाळी थांबली, हाताला थंडी वाजते, ढगळ कपडेच घालते, दिवसातून सारखी वजनकाट्यावर उभी राहते, यातलं दोन-तीन दिसलं की वाट बघू नका. ओरडू नका आणि बळजबरीने भरवूही नका. आधी बालरोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टर, कारण रक्त, नाडी आणि क्षार तपासायला लागतात, आणि त्यांच्याकडून मानसोपचारतज्ज्ञ. डॉक्टरांना "जेवत नाही" एवढंच सांगू नका, किती दिवसांपासून, किती किलो उतरलं, पाळी शेवटची कधी आली हे कागदावर लिहून न्या, आणि मुलीला थोडा वेळ एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारची टेलिमानस १४४१६ ही फुकट हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, आईनेच आधी फोन करून विचारलं तरी चालतं.